भावाच्या नवऱ्याला काय म्हणायचं?

माझं मिरजेत ब्लाउज शिवायचं दुकान आहे, 31 वर्षं झाली. त्यामुळे कुठलंही चित्र पाहिलं की माझी नजर आधी कपड्यावर जाते. ‘माय ब्रदर्स हजबंड’ हे जपानी चित्रकथेचं पुस्तक उघडलं तेव्हाही तसंच झालं. गोष्ट काय, माणसं कोण, हे कळायच्या आधी मला त्या दांडग्या माणसाचे कपडे दिसले. खांद्यावर कापड कुठे ताणलंय, काखेतून घड्या कशा फुटल्यात, पोटावर कुठे सैल पडलंय. चित्र काढणाऱ्याला कपड्याआतलं अंग माहीत आहे, नुसतं बाहेरून बघून काढलेलं नाही. माप घेणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं. मी तिथेच खुर्चीवर बसले. पिकोसाठी आलेल्या साड्या त्या दिवशी तशाच राहिल्या.

पुस्तक माझ्या मुलीनं आणलं. ती पुण्यात शिकते आणि मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, भरपूर वाचते. दिवाळीला आली तेव्हा दोन जाडजूड पुठ्ठा-बांधणीची पुस्तकं माझ्या मशीनवर ठेवून म्हणाली, “आई, हे वाच. मग आपण बोलू.” काय बोलायचं ते तिनं सांगितलं नाही. मी बी.ए.पर्यंत शिकले, इंग्रजी वाचते पण हळू. या पुस्तकाला तेवढं पुरतं. वाक्यं छोटी आहेत आणि अर्धी गोष्ट तर चेहऱ्यांवरच आहे.

एक सांगून ठेवते, कारण माझा पहिला अर्धा तास त्यात गेला. पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं. आपल्याला जे मागचं पान वाटतं तिथून सुरुवात, आणि एका पानावरचे चौकोनही उजवीकडून. आमच्या शेजारी तंबोऱ्याचं काम करणारे चाचा आहेत, ते उर्दू पेपर तसाच धरतात. मी त्यांच्याकडे बघून पुस्तक उलटं केलं आणि मग जमलं. दहा पानांनंतर काही वाटत नाही.

लिहिणारा आणि काढणारा एकच, गेंगोरो तागामे, जन्म 1964 चा. मूळ जपानी नाव ‘ओतोतो नो ओत्तो’. ओतोतो म्हणजे धाकटा भाऊ आणि ओत्तो म्हणजे नवरा. दोन शब्दांत इतका थोडा फरक, नाव ऐकतानाच गंमत वाटते. 2014 ते 2017 या काळात ‘मंथली ॲक्शन’ नावाच्या मासिकात ही गोष्ट क्रमशः आली. जपानीत तिचे चार खंड झाले. ॲन इशी यांनी इंग्रजीत आणली आणि पॅन्थिऑन या अमेरिकी प्रकाशनानं 2017 आणि 2018 मध्ये दोन भागांत काढली. जपानमध्ये सरकारी कला महोत्सवात तिचा गौरव झाला आणि 2018 मध्ये अमेरिकेत तिला चित्रकथांसाठीचा आयझनर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी जपानच्या एनएचके या टीव्ही वाहिनीनं तीन भागांची मालिका केली. तीत माईकचं काम बारुतो या मूळच्या एस्टोनियाच्या माजी सुमो पैलवानानं केलंय. मालिका मी पाहिलेली नाही, पण चित्रातला माईक बघितल्यावर पैलवानच का घेतला ते समजतं.

गोष्ट अशी. याईची हा एकटा बाप. बायकोशी घटस्फोट झालाय, काना नावाची प्राथमिक शाळेतली मुलगी त्याच्याकडे आहे. आईवडिलांनी ठेवलेली घरं भाड्यानं देतो, त्यामुळे दिवसभर घरी असतो. स्वयंपाक, धुणं, मुलीचा अभ्यास, सगळं तोच करतो. त्याचा जुळा भाऊ रियोजी दहाएक वर्षांपूर्वी कॅनडाला गेला आणि तिथेच वारला. मग एक दिवस दाराची बेल वाजते. दारात अस्वलासारखा दाढीवाला गोरा माणूस उभा. माईक फ्लॅनॅगन. रियोजीचा नवरा.

जुळा भाऊ आहे हे विसरू नका. माईकनं ज्या चेहऱ्याबरोबर संसार केला तोच चेहरा दार उघडतो. माईक एक क्षण थिजतो आणि मग याईचीला मिठी मारतो. तागामे इथं जे करतो ते मी पुस्तक संपेपर्यंत शोधत राहिले. एका चौकोनात याईची जोरात ओरडून माईकला ढकलून देतो. पुढच्या चौकोनात कळतं की असं काही झालंच नाही, ते त्याच्या मनात होतं. बाहेरून तो नुसता अवघडून उभा आहे, वागणं एकदम रीतीचं. ही युक्ती पुस्तकभर परत परत येते. आतला माणूस आणि बाहेरचा माणूस शेजारी शेजारी ठेवलेले. एखाद्या कादंबरीला यासाठी पानभर वाक्यं लागली असती.

पहिल्याच रात्रीचा एक प्रसंग सांगते. याईची आंघोळ करून निघतो. रोज तो आतल्या कपड्यांवरच बाहेर येत असणार. आज दाराशी थबकतो, कारण घरात माईक आहे. मग कपडे चढवतो. आणि कपडे चढवता चढवता स्वतःलाच विचारतो, मी हे का करतोय? कुणी काही बोललेलं नाही, कुणी वाईट वागलेलं नाही. एक भला माणूस एकटाच न्हाणीच्या दाराशी उभा आहे आणि त्याला स्वतःची लाज वाटू लागलीय. मला वाटतं पुस्तक खरं तिथं सुरू होतं.

आणि काना! तिला कुठलं ओझंच नाही. कॅनडात आपल्याला एक काका आहे, हीच तिच्यासाठी केवढी मोठी बातमी. पुरुषाचं पुरुषाशी लग्न होतं का, असं ती विचारते, कॅनडात होतं हे कळल्यावर इथं का नाही असं विचारते, आणि मग माईकच्या छातीवरचे केस हातानं चाचपून बघते. पुढे ती विचारते, तुमच्या दोघांत नवरा कोण आणि बायको कोण? माईक सांगतो, बायको कुणीच नाही, मी त्याचा नवरा आणि तो माझा नवरा. शेजारी बसलेला याईची गप्प होतो. कारण हाच प्रश्न त्याच्याही मनात होता, फक्त त्यानं विचारला नव्हता.

मीही विचारला नव्हता. चौदा वर्षं.

माझा धाकटा भाऊ पुण्यात असतो. त्याच्याबरोबर नागपूरकडचा एक मुलगा राहतो. मुलगा कसला, आता दोघंही चाळिशीपुढचे. मी हे लिहू का असं दोघांना विचारलं. त्यांनी हो म्हटलं, फक्त नावं नकोत. आमच्या घरात त्याची ओळख ‘रूम पार्टनर’ अशी. गणपतीला दोघं येतात. मखर तो करतो, आरतीला झांज त्याच्या हातात असते, विसर्जनाला मूर्ती घेऊन तोच पुढे असतो. तीन वर्षांपूर्वी आईच्या मांडीचं हाड मोडलं तेव्हा दवाखान्यात सहा रात्री तो बसला. सिस्टरनं विचारलं, तुम्ही पेशंटचे कोण? तो म्हणाला, घरचाच. मी शेजारीच उभी होते. मी पुढचं काही बोलले नाही. कुणाशी भांडले नाही, कुणाला दुखावलं नाही. मला वाटायचं, हेच तर चांगलं वागणं.

याईचीलाही तसंच वाटायचं. रियोजीनं शाळेत असताना त्याला सगळं सांगितलं होतं. याईचीनं तेव्हा आकांडतांडव केलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. त्यानं ऐकून घेतलं आणि पुढे कधी तो विषय काढला नाही. बस, एवढंच. आणि हळूहळू दोघं भाऊ लांब गेले, भांडणाशिवाय, अगदी सभ्यपणे. पुस्तकाचा जीव मला या जागेत दिसला. कॅनडाहून आलेला माणूस एका घरात आनंद आणतो, ही वरची गोष्ट. आतली गोष्ट अशी, की ज्या भावाला त्यानं गप्प बसून गमावलं तो आता नाहीये आणि माफी मागायला समोर फक्त त्याचा नवरा उरलाय. एका रात्री माईक पितो, आणि दारूच्या भरात याईचीला रियोजी समजून मिठी मारून रडतो. ते पान मी दुकानात वाचलं, गिऱ्हाईक समोर होतं. मी सुईत दोरा ओवायचं निमित्त करून मान खाली घातली.

बाहेर कुणी ओळखीचं भेटलं की याईची माईकची ओळख ‘भावाचा मित्र’ म्हणून करून देतो. माईक काही बोलत नाही. त्या चौकोनात माईकचा चेहरा नीट बघा. हसू तसंच आहे, फक्त डोळे बदललेत. नंतर याईचीला ते टोचत राहतं. आणि मग एका ठिकाणी तो नातं आहे तसं सांगतो. कुठे आणि कुणासमोर, ते लिहीत नाही, वाचणाऱ्याला ते तिथंच भेटू दे. फार मोठा प्रसंग नाही. ढोलताशे नाहीत. एक शब्द बदलतो.

पण आपल्याला तो शब्द कुठला? मी यावर खूप विचार केला. मराठीत नात्यांची केवढी श्रीमंती आहे. भावाची बायको वहिनी, नवऱ्याचा भाऊ दीर, त्याची बायको जाऊ, बायकोच्या बहिणीचा नवरा साडू. मुलाच्या सासऱ्याला व्याही आणि सासूला विहीण, म्हणजे ज्यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंधच नाही त्यांनाही आपण शब्द दिलेत. लग्नपत्रिकेत कुणाचं नाव कुठे यावं यावरून रुसवेफुगवे होतात, ते या शब्दांमुळेच. आणि भावाच्या नवऱ्याला? मेहुणा म्हणावं, तर मेहुणा बहिणीचा नवरा. भावजी म्हटलं तर ऐकणारा माझ्या नवऱ्याचा भाऊ समजेल. पत्रिकेत त्याचं नाव कुठल्या ओळीत घालायचं? माझ्या पुतणीच्या लग्नात ते कुठल्याच ओळीत नव्हतं. हॉलवर मात्र पहाटे साडेपाचला फुलवाल्याची वाट बघत तोच उभा होता.

कायद्याचंही तसंच आहे. कॅनडात 2005 पासून देशभर अशी लग्नं होतात. माईक आणि रियोजी तिथं रीतसर नवरा-नवरा होते. विमान जपानात उतरलं की माईक कायद्यानं कुणीच नाही. ही गोष्ट मासिकात चालू असताना 2015 मध्ये टोकियोतल्या शिबुया भागानं अशा जोडप्यांना दाखले द्यायला सुरुवात केली, पण दाखला म्हणजे लग्न नव्हे. आपल्याकडे 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं 377 कलमातून अशा संबंधांना गुन्ह्याबाहेर काढलं. 17 ऑक्टोबर 2023 ला लग्नाचा हक्क मात्र दिला नाही, ते संसदेचं काम म्हटलं. त्या 2023 च्या दिवशी भाऊ माझ्याशी फोनवर बोलला होता. आईच्या गोळ्यांबद्दल, दहा मिनिटं. निकालाबद्दल तो काही बोलला नाही आणि मीही नाही.

पुस्तकाकडे येते. गोष्टीत पुढे नात्सुकी, म्हणजे याईचीची आधीची बायको, येते आणि चौघं मिळून गरम पाण्याच्या झऱ्यावर सहलीला जातात. आधीची बायको, आधीचा नवरा, त्यांची मुलगी आणि मेलेल्या भावाचा नवरा. कागदावर लिहिलं तर विचित्र वाटेल, चित्रात मात्र ते एक कुटुंब जेवायला बसलेलं दिसतं. याईचीला तिथं जाणवतं की आपलंही घर लोकांच्या हिशेबात ‘नेहमीचं’ नाहीच. बाप एकटा, आई दुसरीकडे. त्यालाही लोकांच्या नजरा माहीत आहेत. मला हा भाग फार आवडला, कारण इथं कुणी कुणावर उपकार करत नाही.

कानाच्या मैत्रिणीची आई तिला कानाच्या घरी पाठवायचं नाकारते, माईकचा वाईट परिणाम होईल म्हणून. काना रडते आणि तिला कारण कळत नाही. कारण कळतं ते बापाला. पुढे शाळेतून बोलावणं येतं की काना वर्गात माईकबद्दल सांगत असते, तिला कुणी त्रास देईल. याईची तिथं जे बोलतो त्यासाठी मी त्याला सगळं माफ केलं. मुलीला गप्प करण्यापेक्षा तिला चिडवणाऱ्यांना आवरा, असा त्याच्या बोलण्याचा रोख. आवाज चढत नाही. न्हाणीच्या दाराशी थबकलेला तोच माणूस, तीनेक आठवड्यांत इथवर येतो.

अजून एक छोटी भेट. शेजारपाजारचा एक शाळकरी मुलगा माईकला गाठतो, कारण आपल्यासारखा मोठा माणूस त्यानं प्रत्यक्षात कधी पाहिलेलाच नाही. तो फार बोलत नाही. पण माईकसमोर बसलेल्या त्या मुलाचे खांदे बघा, आधी कानांपर्यंत चढलेले आणि नंतर खाली आलेले. ब्लाउजचं माप घेताना लाजऱ्या मुलींचे खांदे असेच असतात. दोन मिनिटं गप्पा मारल्या की उतरतात, मग खरं माप मिळतं.

आता जे खटकलं ते. काना फारच गोड आहे. त्या वयाची पोर कधीतरी हट्ट करते, खोटं बोलते, पाहुण्याला कंटाळते. माझी तरी करायची. काना क्वचितच तशी दिसते. माईकही जवळजवळ निर्दोष आहे. नवरा गेल्याला थोडेच दिवस झालेत, सासरच्या माणसांनी इतकी वर्षं विचारलं नाही, तर त्याला एकदा तरी संताप यायला हवा होता. तो दारू पिऊन रडतो, पण रागावत नाही. रागावला असता तरी मला तो तितकाच आवडला असता. नात्सुकीलाही जागा कमी मिळालीय. ती आली की घरातली हवा बदलते, म्हणून ती अजून हवी होती.

प्रकरणांच्या मध्ये माईकच्या तोंडून माहिती देणारी छोटी पानं आहेत, समलिंगी लोकांचा इंद्रधनुषी झेंडा कुठून आला, गुलाबी त्रिकोण म्हणजे काय, अशी. माझ्या मुलीला ती शाळेच्या पुस्तकासारखी वाटली. मला उपयोगी पडली. नाझींनी छळछावण्यांत अशा पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवायला लावला होता, हे मला माहीत नव्हतं. शिवायला लावला, हा शब्द माझ्या डोक्यातून दोन दिवस गेला नाही. कुणीतरी सुईदोरा घेऊन ते बसवलं असेल ना.

तागामेबद्दल एक गोष्ट आधी कळलेली बरी. समलिंगी पुरुषांसाठीच्या उघड शृंगारिक चित्रकथांसाठी तो ओळखला जातो, आणि लहानथोर सगळ्यांनी वाचावी अशी ही त्याची पहिली मोठी गोष्ट. यात तसलं काहीच नाही, आंघोळीची आणि झऱ्यावरची चित्रं आहेत तेवढीच. पण पुरुषाचं अंग तो मायेनं काढतो, घाई करत नाही. केस, सुटलेलं पोट, मानेवरची वळी, सगळं. आधी मला संकोच वाटला. मग लक्षात आलं की बाईचं अंग असं काढलेलं मी कॅलेंडरांवर आयुष्यभर बघत आले आणि संकोच कधी वाटला नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींना हे पुस्तक मी बिनधास्त देईन. मराठीत कुणीतरी आणावं अशी मनापासून इच्छा आहे. आईला वाचता येईल म्हणून.

आईनं चित्रं मात्र पाहिली. ती 81 वर्षांची आहे, चष्मा लावून पान पान उलटत होती आणि ‘हा कोण, ही कोण’ विचारत होती. माईकवर बोट ठेवून तिनं विचारलं, “हा सोयरा का?”

मी म्हटलं, “हो. भावाचा नवरा.”

ती बराच वेळ त्या चित्राकडे बघत बसली. माईक जेवायला बसला होता. मग म्हणाली, “आपला तो पण असाच चांगला जेवतो.” आणि पान उलटलं.

पहिला भाग मी पुण्याला पाठवून दिला, भावाच्या नावानं. आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी व्हॉट्सॲप आलं, भावाचं नाही, त्याच्या नवऱ्याचं. “ताई, दुसरा भाग तुमच्याकडे आहे ना? हा वाचून झाल्यापासून बोलत नाहीये, नुसता कुकर लावतोय आणि काढतोय. लवकर पाठवा.”

ताई. पहिल्या गणपतीपासून तो मला हेच म्हणतोय. त्याला शब्द शोधावा लागला नव्हता.

काल दुसरा भाग कुरिअर केला. डब्यात शंकरपाळे भरले, वर जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून पुस्तक ठेवलं, कोपरे दुमडू नयेत म्हणून. पाकिटावर आजवर मी एकच नाव घालायची. या वेळी दोन घातली, एकाखाली एक, एकाच पत्त्यावर.